तीन पांढरी पानं: पेठेतल्या एका वाचनालयाचा सर्व्हर

हे प्रकरण पुण्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयाचं आहे. नाव, पेठ आणि माणसं ओळखू येतील असे तपशील काढले आहेत. तांत्रिक भाग घडला तसाच ठेवला आहे, माझ्या चुकांसकट. मी तिथला लहानपणापासूनचा सभासद, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर करतो. म्हणजे 'जरा येऊन बघ ना' असा फोन ज्याला जातो तो माणूस.

पार्श्वभूमी

वाचनालयात साधारण १६ हजार पुस्तकं. देवघेव, सभासदांची वर्गणी, अनामत आणि पुस्तकांची यादी एका संगणक प्रणालीवर चालते. ती २०११ साली अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्यानं प्रकल्प म्हणून करून दिली. काउंटरवरच्या मशीनवर झॅम्प नावाचं एकत्र पॅकेज टाकलेलं: पानं वाढणारा अपाची सर्व्हर, प्रणाली जिच्यात लिहिली ती पीएचपी ५.३ ही भाषा आणि नोंदी ठेवणारा मायएसक्यूएल डेटाबेस. वाचनकक्षात आणखी दोन संगणक, तेही त्याच वायफायवरून काउंटरच्या मशीनवरची पानं उघडतात. इंटरनेटवर काहीच नाही, सगळा कारभार घरातल्या घरात.

तेरा वर्षं हे चाललं. कुणी हात लावला नाही आणि ते बिघडलंही नाही. तो विद्यार्थी आता परदेशात आहे. त्याला व्हॉट्सॲपवर कळवलं, तर रात्री उशिरा उत्तर आलं, 'अरे, ते अजून चालू आहे?'

२०२४च्या जूनमध्ये, पहिल्याच जोरदार पावसात दोनदा वीज गेली आणि काउंटरच्या मशीनची हार्डडिस्क टकटक आवाज करू लागली. दुकानदारानं नवी एसएसडी बसवून विंडोज टाकून दिलं. कार्यवाह काकांचा भाचा संगणकशास्त्राला आहे. त्यानं नवं झॅम्प उतरवलं, पीएचपी ८.२ असलेलं. जुन्या डिस्कवरून प्रणालीचा फोल्डर आणि मायएसक्यूएलचा डेटा फोल्डर उचलून जागेवर ठेवला. हिरव्या पट्ट्या आल्या, अपाची सुरू, डेटाबेस सुरू. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला आणि पांढरं पान. चूक नाही, संदेश नाही, काहीच नाही.

अडचण

मला फोन आला तो तिसऱ्या दिवशी. तोवर भाच्यानं झॅम्प तीनदा काढून पुन्हा टाकलं होतं, फायरवॉल बंद केली होती, अँटिव्हायरस काढला होता, ब्राउझर बदलून पाहिला होता. काउंटरवर ताई, म्हणजे आमच्या ग्रंथपाल, वहीत देवघेव लिहीत होत्या. कोणतं पुस्तक कुणाकडे आहे हे शोधायची सोय नसल्यानं रांग जिन्यापर्यंत.

मला पाहून त्या म्हणाल्या, 'बरं झालं आलास. याला काय झालंय ते बघ, पण माझ्या नोंदी जाऊ देऊ नकोस रे.'

मी 'नाही जात ताई' म्हणालो. नोंदींची दुसरी प्रत कुठे आहे हे न विचारताच म्हणालो, हे नंतर लक्षात आलं.

पहिली चाळीस मिनिटं मी वाया घालवली, तीही अनुभवामुळे. विंडोजवर झॅम्पचं काही बिनसलं की दहातल्या पाच वेळा कारण पोर्ट ८०, म्हणजे वेब सर्व्हरचं नेहमीचं दार, असतं. दुसरंच कुणी, बहुधा विंडोजचा स्वतःचा वेब सर्व्हर, ते दार अडवून बसलेलं असतं. म्हणून मी कमांड लाइनवर कोण कुठल्या पोर्टवर बसलंय ते पाहिलं, सेवा बंद करून पाहिल्या, अपाचीचं पोर्ट बदलून पाहिलं. पान पांढरंच. मग कुठे डोकं चाललं, की दार अडवलेलं असतं तर अपाची सुरूच झाला नसता, किंवा भलतंच पान दिसलं असतं.

पहिल्या पाच मिनिटांत करायचं ते मग केलं. प्रणालीच्या फोल्डरमध्ये 'नमस्कार' एवढाच शब्द असलेली साधी मजकुराची फाइल ठेवली आणि ब्राउझरमधून उघडली. दिसली. म्हणजे अपाची जिवंत आहे आणि योग्य फोल्डरमधून वाढतोय. दुसरी फाइल एका ओळीची, पीएचपीची माहिती छापणारी. तो लांबलचक जांभळट तक्ता आला. म्हणजे पीएचपीही जिवंत. त्याच तक्त्यात 'लोडेड कॉन्फिगरेशन फाइल' अशी ओळ असते, खरोखर वाचली जाणारी सेटिंगची फाइल कोणती ते सांगणारी. ती टिपून ठेवली. एका मशीनवर अशा दोन-तीन फाइली पडलेल्या असतात आणि माणूस भलतीच बदलत बसतो. माझं तसं पूर्वी झालेलं आहे.

राहता राहिली ती प्रणाली स्वतः.

पहिलं पांढरं पान

पांढऱ्या पानावर उजवं बटण दाबून 'पेज सोर्स', म्हणजे पानामागचा मूळ मजकूर, पाहिला. पान रिकामं नव्हतंच. त्यात प्रणालीचा कोड जसाच्या तसा उतरला होता: अमुक फाइल आणा, तमुक फाइल आणा, लॉगिन तपासा.

त्या विद्यार्थ्यानं पीएचपीची सुरुवात आखूड खुणेनं केली होती, म्हणजे कोनी कंस आणि प्रश्नचिन्ह, पुढे 'पीएचपी' ही तीन अक्षरं नाहीत. जुन्या मशीनवर ही आखूड खूण चालवायचं सेटिंग सुरू होतं, नव्यावर बंद. त्यामुळे पीएचपीला तो आपला कोड वाटलाच नाही. त्यानं तो मजकूर समजून पुढे ढकलला. ब्राउझरला कोनी कंसानंतर प्रश्नचिन्ह दिसलं की तो पुढचा भाग टिप्पणी धरतो आणि दाखवत नाही. सर्व्हरनं पाठवलं, ब्राउझरनं घेतलं, आणि डोळ्यांना पांढरं.

इथे एक धोका दिसला. जोडणीची माहिती ज्या फाइलमध्ये होती तिचं शेपूट पीएचपीचं नव्हतं, जुन्या पद्धतीचं 'इंक' होतं. अशी फाइल अपाची साध्या मजकुरासारखी कुणालाही दाखवतो. वाचनकक्षातल्या संगणकावरून पत्ता टाकला असता तर डेटाबेसचं नाव आणि पासवर्ड समोर आला असता. पासवर्ड रिकामाच होता म्हणा.

सेटिंग सुरू केलं, अपाची पुन्हा चालू केला, पान ताजं केलं. पुन्हा पांढरं.

दुसरं पांढरं पान

भाचा म्हणाला, 'दादा, काहीच फरक नाही पडला.' दिसायला नव्हता, पण मी त्याला पेज सोर्स पुन्हा उघडायला लावला. या वेळी तो खरंच रिकामा होता, एक अक्षरही नाही. हे दुसरंच पान आहे हे त्याला तेव्हा पटलं. माझ्या मते त्या दिवशी त्याच्या पदरात पडलेली मोठी गोष्ट हीच. सारखं दिसलं म्हणून दुरुस्ती लागली नाही असं धरून तो आधीचं सेटिंग परत बंद करायला निघाला होता.

आता ब्राउझरच्या साधनपेटीतला नेटवर्कचा भाग पाहिला. उत्तराचा क्रमांक २००, म्हणजे सर्व्हरच्या मते सगळं ठीक. मजकूर शून्य. पीएचपीत गंभीर चूक झाली आणि चुका पडद्यावर दाखवणं बंद असेल तर सर्व्हर ५०० देतो, ते आपल्याला ओळखीचं असतं. इथे २००. अपाचीची चुकांची नोंद उघडली, तिथेही त्या वेळची ओळ नाही.

उत्तर त्या 'इंक' फाइलच्या पहिल्या ओळीत होतं. 'एरर रिपोर्टिंग शून्य'. म्हणजे काहीही झालं तरी तोंड उघडू नकोस, ना पडद्यावर, ना नोंदीत. झॅम्पमध्ये चुका पडद्यावर दाखवणं सुरू होतं, त्यामुळे पीएचपीनं ५०० हा क्रमांकही दिला नाही. दाखवायची परवानगी आहे पण दाखवण्यासारखं काही उरू दिलेलं नाही, या दोहोंच्या मधल्या फटीतून कोरा २०० बाहेर पडला.

मी त्या ओळीला नाव ठेवणार नाही. प्रकल्प सादर करताना परीक्षकांसमोर पिवळ्या पट्ट्या येऊ नयेत म्हणून आम्हीही अशी ओळ टाकलेली आहे. फक्त ती तेरा वर्षं तिथेच राहील असं कुणाला वाटलं नव्हतं.

ओळ काढली आणि चूक लगेच बोलली: 'मायएसक्यूएल कनेक्ट' नावाचं फंक्शन सापडत नाही. बरोबरच आहे. जुनं मायएसक्यूएल एक्स्टेन्शन, म्हणजे पीएचपीला डेटाबेसशी जोडणारा भाग, पीएचपी ५.५मध्ये कालबाह्य ठरवलं गेलं आणि डिसेंबर २०१५च्या ७.० आवृत्तीत काढूनच टाकलं. आमच्या प्रणालीत त्या घराण्यातल्या फंक्शनांना एकंदर दीडशेच्या आसपास हाका होत्या.

पर्याय कोणते होते

घड्याळात एक वाजून गेला होता. वाचनालय दुपारी बंद असतं, संध्याकाळी पाचला उघडतं. ताई डबा खात होत्या, कार्यवाह काका पंख्याखाली बसले होते. आम्ही तिथेच बसून ठरवलं.

काकांचं म्हणणं, जुनं आहे तसं सुरू करा. म्हणजे जुनीच पीएचपी ५.३. मनात मीही तिकडे झुकलो होतो, कारण पाचला रांग लागणार होती. पण या आवृत्तीचा आधार ऑगस्ट २०१४मध्येच संपलेला. आणि नवं मशीन इंटरनेटला जोडलेलं असणार, कारण त्यावरूनच ग्रंथालय खात्याचं कामही चालतं.

भाच्याचं म्हणणं, सगळं नव्यानं लिहू. त्याचे डोळे चमकत होते. मी विचारलं, किती दिवस? तो म्हणाला, महिना. मी मनात तीन धरले.

तिसरा पर्याय ताईंनी काढला. त्यांनी एका प्रशिक्षणात कोहा पाहिलं होतं. ग्रंथालयांसाठीची ही मुक्त प्रणाली न्यूझीलंडमधून आलेली, फुकट आहे आणि जगभर वापरात आहे. केंद्र सरकारच्या एनआयसीची ई-ग्रंथालय ही प्रणालीही आहे. उद्या वाचनालयाला हेच करावं लागेल हे मला मान्य होतं, आजही आहे. पण त्यासाठी डेटा स्वच्छ हवा. आमचा डेटा कसा आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

चौथा पर्याय माझा: कोड तसाच ठेवायचा आणि मधे एक पातळ थर घालायचा. जुनी फंक्शनं पीएचपीतून गेली म्हणजे त्यांची नावं मोकळी झाली. त्याच नावांची आपली फंक्शनं एका फाइलमध्ये लिहायची, आतून ती मायएसक्यूएलआयला, म्हणजे त्याच कामाच्या नव्या एक्स्टेन्शनला, काम सांगतील. दीडशे जागी हात लावायचा नाही. दिसायला ओंगळ आहे. पण एका संध्याकाळीत होतं आणि चुकलं तर एकच फाइल काढायची असते.

काय केलं

दोन गोष्टी एकदम. काउंटरसाठी जुनं, दुरुस्तीसाठी नवं.

तपकीर गल्लीतून डिस्क यूएसबीला जोडायची केबल आणली. जुनी डिस्क कुरकुरत का होईना वाचता येत होती. तिच्यावरचा जुना झॅम्प फोल्डर पूर्ण उचलून माझ्या एका जुन्या लॅपटॉपवर नेमक्या त्याच जागी ठेवला, आणि तो चालला. डेटाबेसमधले तक्ते मायआयसॅम प्रकारचे असल्याचा फायदा झाला. मायएसक्यूएल ५.५पूर्वी मूळ प्रकार तोच होता. त्यात प्रत्येक तक्त्याच्या स्वतःच्या फाइली असतात, सर्व्हर बंद ठेवून फोल्डर हलवला की तक्ता हलतो. इनोडीबी हा नंतरचा प्रकार असता तर भाच्यानं पहिल्या दिवशी उचललेला डेटा उघडला असता की नाही याची मला शंका आहे.

लॅपटॉपचं वायफाय बंद करून तो काउंटरवर ठेवला आणि वर कागद चिकटवला: 'खऱ्या नोंदी इथे'. हा कागद गमतीसाठी नव्हता. नव्या मशीनवर, लॅपटॉपवर आणि जुन्या डिस्कवर मिळून नोंदींच्या तीन प्रती झाल्या होत्या, आणि कुणीतरी चुकीच्या जागी वर्गणी भरणार हे ठरलेलं होतं. पाचला दार उघडलं तेव्हा देवघेव संगणकावर सुरू होती.

नव्या मशीनवर थर लिहायला दोन संध्याकाळी गेल्या. एक गोष्ट अनपेक्षित निघाली. जुन्या पीएचपीत बाहेरून येणाऱ्या मजकुरातल्या अवतरणचिन्हांना आपोआप उलटी तिरकी रेघ लावायचं 'मॅजिक कोट्स' नावाचं सेटिंग होतं, ५.४मध्ये गेलेलं. कोड त्याच्याच भरवशावर होता. ते नसताना कुणी शोधाच्या चौकटीत अवतरणचिन्ह टाकलं की डेटाबेसला विचारलेला प्रश्नच मोडतो, आणि जाणूनबुजून टाकलं तर डेटाबेस उघडा पडतो. तो बंदोबस्त थरातच केला.

लॉगिनचं पान आलं. पाठोपाठ यादीही आली, पण मराठीच्या जागी रांगोळी: तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मग चलनाची गोल खूण, कुठे येनची खूण, पुन्हा ए. हे रूप एकदा ओळखलं की विसरत नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांना सामावणाऱ्या साठवणपद्धतीत, तीन बाइटचं असतं आणि पहिले दोन बहुतेक तेच ते असतात, ते लॅटिन, म्हणजे एका अक्षराला एकच बाइट देणारी जुनी युरोपीय पद्धत, म्हणून वाचले की असे दिसतात. तक्ते 'लॅटिन १' म्हणून घोषित झालेले होते, त्यात बाइट मात्र यूटीएफ-८चे भरलेले. जुनी जोडणीही लॅटिनच होती, त्यामुळे कुणी काही बदलत नव्हतं. नवी जोडणी यूटीएफची, म्हणून डेटाबेस सेवाभावानं लॅटिनचं यूटीएफ करून देत होता. मी थरात जोडणी तात्पुरती लॅटिनवर आणली. मराठी परत आली.

तेव्हाच तक्ते कायमचे यूटीएफवर न्यावेत असा मोह झाला. एक सरळ आज्ञा आहे, सगळा तक्ता रूपांतरित करणारी. ती इथे चालवली असती तर रांगोळी कायमची छापली गेली असती. योग्य वाट आडवळणाची आहे: रकाना आधी बायनरी करायचा, म्हणजे डेटाबेस विसरतो की हा मजकूर आहे, आणि मग बायनरीचं यूटीएफ करायचं. मी हे डेटाच्या प्रतीवर करून पाहिलं. पुस्तकाच्या नावांचा रकाना अडला. काही ओळींत चुकीचा मजकूर आहे म्हणाला. शनिवार होता, उशीर झालेला, मी 'नंतर बघू' म्हणून बाजूला ठेवलं. ही माझी दुसरी चूक. तो अडथळा म्हणजेच पुढच्या प्रश्नाचं उत्तर होतं.

तिसरं पांढरं पान

सोमवारी ताईंना नवं मशीन दाखवलं. त्यांनी एका लोकप्रिय कादंबरीकाराचं नाव टाकलं, यादी आली. दुसरं टाकलं, आली. मग इतिहासावर लिहिणाऱ्या एका लेखकाचं नाव टाकलं. वरची पट्टी, शोधाची चौकट, आणि खाली पांढरं. 'त्याची चाळीसेक पुस्तकं आहेत आपल्याकडे,' ताई म्हणाल्या.

आता चुका दाखवणं सुरू होतं, नोंद सुरू होती, आणि तरी दोन्हीकडे शांतता. उत्तराचा क्रमांक २००, मजकूर शून्य बाइट.

यादी जेसन स्वरूपात, म्हणजे सर्व्हरनं पानाला डेटा देण्याच्या एका ठरीव मजकुरी रूपात, येत होती. मी लॅपटॉपवर तोच लेखक शोधला. जुन्या प्रणालीत ३८ ओळी आल्या, पण दोन पुस्तकांची नावं कोरी. दाखलांक, म्हणजे पुस्तकाचा नोंद क्रमांक, होता, लेखक होता, नावाच्या जागी काही नाही.

'हे कोरं का आहे ताई?'

'ते नेहमीच कोरं असतं,' त्या म्हणाल्या. 'काही पुस्तकांचं येतच नाही नाव. मी पेन्सिलनं लिहून ठेवते.' आणि कपाटातून त्यांनी छापलेल्या यादीचं बाड काढलं. पानोपानी रिकाम्या जागा आणि त्यात बारीक, तिरप्या अक्षरात शिसपेन्सिलनं लिहिलेली नावं. वर्षानुवर्षं. ज्यांनी नोंद केली त्यांच्याकडून नाव टाकायचं राहून गेलं असणार, असं त्यांनी धरून चाललं होतं.

नव्या मशीनवर ३८ ओळी अर्ध्या-अर्ध्या करत गेलो. १९ मागवल्या तर येतात, पुढच्या १९ येत नाहीत. त्यातल्या नऊ, मग पाच. थोड्याच वेळात एका ओळीवर आलो. तिच्या नावाचे बाइट उघडून पाहिले. एकूण १५०. देवनागरीची ४७ चिन्हं, म्हणजे १४१. मोकळ्या जागा ७, म्हणजे १४८. आणि शेवटी दोन बाइट लोंबकळणारे, ज्यांचा तिसरा सोबती नाही. अक्षर मधोमध कापलेलं.

नावाचा रकाना १५० लांबीचा होता. इंग्रजीत १५० अक्षरं म्हणजे ऐसपैस जागा. पण तक्ता लॅटिनचा असल्यानं १५० म्हणजे १५० बाइट, आणि मराठीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडणारी खूण, प्रत्येकाचे तीन. 'ग्रंथालय' हा शब्द घ्या: डोळ्याला चार अक्षरं, यूटीएफला आठ चिन्हं, तक्त्याला २४ बाइट. उपशीर्षक आणि खंड क्रमांकासकट लिहिलेली इतिहासाची नावं सहज दीडशेपार जात. जुनं मायएसक्यूएल अशा वेळी जास्तीचं कापून टाकी आणि फक्त एक सूचना देई, जी कुणी वाचत नसे. कडक तपासणी मूळ सेटिंगमध्ये आली ती ५.७पासून.

कुऱ्हाड कुठे पडेल हा निव्वळ योगायोग. नावातल्या एका बाइटच्या खुणा, म्हणजे मोकळ्या जागा, स्वल्पविराम, कंस, तीनच्या पटीत असतील तर काप नेमका अक्षराच्या कडेवर बसतो आणि नाव फक्त आखूड दिसतं. नसतील तर अक्षर तुटतं.

तुटलेलं अक्षर दिसलं की जुनं पीएचपी तेवढ्या नावाच्या जागी 'नल', म्हणजे 'काही नाही', लिहून बाकीची यादी देत असे. ५.५पासून मात्र ते सगळी यादीच नाकारतं आणि 'फॉल्स', म्हणजे 'जमलं नाही', एवढंच परत करतं. आमचा कोड ते न तपासता छापत होता, आणि फॉल्स छापला की काहीच छापलं जात नाही. ही पीएचपीच्या लेखी चूकही नाही, म्हणून नोंद नाही. विचारलं तरच ते सांगतं: शेवटची जेसन चूक काय होती? विचारलं. 'मालफॉर्म्ड यूटीएफ-८'. पाहिजे तर अशा वेळी अपवाद फेकायचीही सोय आहे, ७.३पासून.

शनिवारी रूपांतर ज्या ओळींवर अडलं त्या याच. तेव्हा पाच मिनिटं थांबलो असतो तर सोमवारी ताईंसमोर पांढरं पान आलं नसतं.

मग एकच प्रश्न डेटाबेसला: ज्यांच्या नावाची लांबी बरोबर १५० बाइट आहे अशी पुस्तकं किती? २१४.

निर्णयाची जागा

इथे सोपी वाट उपलब्ध होती. जेसन बनवताना एक पर्याय जोडला की तुटक्या बाइटच्या जागी प्रश्नचिन्हाचा चौकोन येतो आणि यादी दिसू लागते. एका शब्दाचं काम. भाच्यानं ते करूनही टाकलं आणि 'झालं' म्हणाला.

मी ते ठेवलं, पण 'झालं' मान्य केलं नाही. नावांचा कापलेला भाग कुठल्याच प्रतीत नव्हता. तो डेटाबेसपर्यंत पोचलाच नव्हता, नोंद करतानाच हवेत गेला होता. आणि तक्ते यूटीएफवर नेताना त्या ओळी पुन्हा अडणार होत्या. काकांचं मत होतं की आखूड नावांनी काय बिघडतं. त्यावर ताईंनी एका ग्रंथाचे सहा खंड दाखवले, सहाही खंडांचं नाव यादीत एकच, कारण खंड क्रमांक शेवटी होता आणि तो कापला गेला होता. चौथा खंड मागणाऱ्या माणसाला कोणता द्यायचा?

प्रणालीच्या आधीपासून कागदी दाखल नोंदवह्या आहेत, जाड पुठ्ठ्याच्या. प्रत्येक पुस्तकाचं पूर्ण नाव तिथे शाईनं आहे. ठरलं ते असं: मी २१४ दाखलांकांची यादी छापायची, ताई आणि एक स्वयंसेवक काकू वहीतून नाव वाचणार, भाचा टंकणार. आधी मात्र रकाना रुंद करणं भाग होतं, नाहीतर तीच नावं पुन्हा कापली गेली असती. एका क्षणी आम्ही तेही विसरणार होतो.

निष्पत्ती

लॅपटॉप काउंटरवर नऊ दिवस राहिला. दहाव्या दिवशी दुपारच्या बंद वेळेत त्यावरच्या नोंदी नव्या मशीनवर आणल्या, तक्ते बायनरीच्या वाटेनं यूटीएफवर नेले, जोडणी यूटीएफची केली, आखूड खुणा सगळ्या फाइलींतून काढल्या, 'इंक' फाइलचं शेपूट बदललं आणि डेटाबेसला पासवर्ड दिला. पडद्यावर चुका दाखवणं बंद केलं, नोंदीत लिहिणं सुरू ठेवलं. रोज रात्री डेटाबेसची प्रत पेनड्राइव्हवर जाते, आणि दर शनिवारी ती प्रत लॅपटॉपवर उघडून बघायचं काम भाच्याकडे आहे. तो ते बहुतेक शनिवारी करतो.

कोहाचा विषय कार्यकारिणीपुढे आहे.

पुन्हा असं काम आलं तर क्रम उलटा ठेवीन. हात लावण्याआधी जुन्या डिस्कची पूर्ण प्रत. तीनदा झॅम्प काढून टाकताना डेटा वाचला तो केवळ जुनी डिस्क भाच्यानं ड्रॉवरमध्ये ठेवली होती म्हणून. मग साधी मजकुराची फाइल, मग पीएचपीची माहिती, मग पेज सोर्स, मग क्रमांक आणि बाइट. पोर्टकडे सगळ्यात शेवटी. आणि जुन्या प्रणालीत रोज दिसणाऱ्या विचित्र गोष्टी आधी ताईंना विचारीन. 'काही पुस्तकांचं नाव येतच नाही' हे वाक्य पहिल्या दिवशी ऐकलं असतं तर तिसरं पान सापडायला सोमवार उजाडावा लागला नसता.

दोन नोंदवह्यांच्या कडा वाळवीनं खाल्ल्या होत्या. त्यातल्या अकरा पुस्तकांची नावं वाचता येईनात. काहींची पेन्सिलच्या यादीत मिळाली, उरलेल्यांसाठी ताई शिडी लावून कपाटांतून पुस्तकंच काढून आल्या. दोन मात्र कपाटात नाहीत, आणि देवघेवीतही कुणाच्या नावावर नाहीत. त्यांच्या नावाच्या शेवटी अजून तो प्रश्नचिन्हाचा चौकोन आहे.